कॅमेऱ्याला कापूस ओळखू येत नाही: कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचे मोड कसे वापरावेत

चोपडा तालुक्यातील माझ्या मामांच्या घरी पहिल्या वेचणीचा कापूस एका खोलीत पार आढ्यापर्यंत भरून ठेवलेला होता. खिडकीतून सकाळचे ऊन थेट त्या ढिगावर पडत होते आणि तो पांढरेपणा डोळ्यांना सहन होत नव्हता. मी नुकताच घेतलेला, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा काढला, डायल ऑटोवर होती तशीच राहू दिली आणि चार-पाच फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पाहून मामा म्हणाले, "काय रे, हा कवडी कापूस कुठला?" फोटोतला कापूस खरोखरच राखेत लोळवल्यासारखा मळकट दिसत होता. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता आणि उजेडही भरपूर होता. समोर पांढरी वस्तू आहे, एवढेच मी कॅमेऱ्याला सांगायचे राहून गेले होते.

डायलवर किंवा मेनूत दिलेले मोड बहुतेक जण कॅमेरा घेतल्यावर एकदा हौसेने फिरवून पाहतात आणि मग कायमचे ऑटोवर येऊन थांबतात. त्या चित्रांचा आणि अक्षरांचा अर्थ पाठ करण्याचा कंटाळा येतो, हे त्यामागचे कारण असते. पण पाठांतराची गरज नाही. तुम्हाला माहीत असलेली आणि कॅमेऱ्याला मुळीच माहीत नसलेली एखादी गोष्ट त्याला कळवण्याची सोय म्हणजे मोड, हे एकदा मनात पक्के बसले की कोणता मोड केव्हा लावायचा ते समोरचे दृश्य पाहूनच सुचू लागते.

कॅमेरा काय पाहतो, ते आधी समजून घेऊ. त्याला कापूस, म्हैस, घोडा किंवा देवाचा रथ दिसत नाही, त्याला फक्त उजेडाचे प्रमाण दिसते. जगातल्या सगळ्या गडद आणि उजळ वस्तूंची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी रंगाइतकी, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारी असते, असे गृहीत धरून त्याचा प्रकाशमापक काम करतो. त्यामुळे चौकटभर कापूस आला की "उजेड फार झाला" असे समजून कॅमेरा तो कमी करतो आणि कापूस राखाडी होतो. चौकटभर काळी म्हैस आली की तो उलट उजेड वाढवतो आणि तिचे तुकतुकीत काळे अंग धुरकट पडते. हा उजेड कमी-जास्त करण्यासाठी त्याच्याकडे तीन साधने असतात. लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान-मोठे करता येते. शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवता येते. सेन्सरची संवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, तीही वाढवता किंवा घटवता येते. सगळे मोड याच तीन साधनांची वेगवेगळी वाटणी करतात.

कोणताही मोड लावण्याआधीची एक सवय

शटरचे बटण दोन टप्प्यांत दाबायचे असते. अर्धे दाबून क्षणभर थांबले की कॅमेरा फोकस करतो, उजेड मोजतो आणि पडद्यावर हिरवी चौकट दाखवतो, त्यानंतर पुरे दाबले की फोटो निघतो. एकदम खाडकन बटण दाबणाऱ्याचे फोटो हलतात, आणि कॅमेऱ्याला फोकस शोधण्यात जो अर्धा-पाऊण सेकंद जातो, तेवढ्यात हवा तो क्षणही निघून जातो. बटण अर्धे दाबून धरल्यावर फोकस आणि बहुतेक कॅमेऱ्यांत उजेडाचे मापही जागच्या जागी बांधले जाते, त्यामुळे चेहऱ्यावर फोकस बांधून नंतर कॅमेरा थोडा बाजूला वळवून चौकट जमवता येते. पुढचे सगळे या एका सवयीवर उभे आहे, म्हणून रिकाम्या वेळी घरातल्या घरात दहा-वीस वेळा हे करून बोटाला वळण लावावे.

ऑटोला कमी लेखण्याचे कारण नाही. अंगणातला मांडव, शाळेचा वर्ग, भर दिवसा ओट्यावर बसलेली माणसे अशा ठिकाणी तो चांगले काम करतो. अलीकडच्या कॅमेऱ्यांतला हुशार ऑटो तर चेहरा, जवळची वस्तू किंवा मागून येणारा उजेड ओळखून आपणहून एखादा मोड निवडतो. त्याच्या दोन खोडी मात्र ध्यानात ठेवाव्यात. उजेड जरा कमी झाला की तो न विचारता फ्लॅश उडवतो, आणि पांढऱ्या-काळ्याच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकतो.

पी मोड आणि अधिक-उणेचे बटण

मला एकच मोड निवडायला सांगितला तर मी पी निवडेन. यात छिद्र आणि शटर कॅमेराच ठरवतो, पण फ्लॅश, आयएसओ, रंगाचा तोल आणि उजेडाची दुरुस्ती तुमच्या हाती येते. अधिक आणि उणे अशी चिन्हे असलेले बटण किंवा चकती बहुतेक कॅमेऱ्यांत असते आणि तिच्यात उणे २ ते अधिक २ असे टप्पे असतात. अधिक १ केले की कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा दुप्पट उजेड घेतला जातो, उणे १ केले की निम्मा.

उन्हातल्या कापसासाठी अधिक ०.७ पासून सुरुवात करावी आणि गरज वाटली तर अधिक १.३ पर्यंत जावे. किती वाढवले म्हणजे पुरे, हे कापूसच सांगतो. फोटो मोठा करून पाहिल्यावर बोंडातले तंतू वेगवेगळे दिसत असतील तर उजेड बरोबर आहे. तंतू नाहीसे होऊन नुसता पांढरा डाग दिसत असेल तर एक टप्पा खाली यावे, कारण पूर्ण पांढरा पडलेला भाग नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यात हे बटण नाही त्यांनी सीन मोडमध्ये, म्हणजे ठरावीक दृश्यांसाठी तयार दिलेल्या मोडांत, बर्फाचे चित्र शोधावे. आपल्याकडे बर्फ पडत नसल्यामुळे तो मोड खानदेशात कोणी उघडून पाहत नाही, पण "समोर सगळे पांढरे आहे, घाबरून उजेड कमी करू नकोस" हाच निरोप तो कॅमेऱ्याला देतो. त्यामुळे कापसाचे शेत, जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी आणि उन्हाळ्यात तापीच्या पात्रातली चमकती वाळू यांना तो उत्तम चालतो. कधी कधी त्यात रंग थोडे निळसर किंवा पिवळसर होतात, म्हणून पहिला फोटो पाहूनच पुढचे घ्यावेत.

उणे बाजूचा उपयोग लोक त्याहून कमी करतात, आणि याचे मला वाईट वाटते, कारण आपली जमीनच काळी आहे. पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या शेताचा फोटो ऑटोवर घेतला तर ती ओली, कसदार काळी माती फिकट तपकिरी येते. उणे ०.७ केल्याबरोबर ढेकळांच्या कडा उठून येतात आणि मातीचा ओलावा दिसू लागतो. म्हैस, काळा घोडा, तवा, चुलीमागची काजळलेली भिंत यांनाही हेच लागू आहे.

केळीच्या बागेत वेगळीच अडचण येते. रावेर-यावलकडच्या दाट बागेत शिरल्यावर वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि घड तोडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो हिरवेपणा उतरतो. पी मोडमध्ये रंगाचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, ऑटोवरून सावलीच्या किंवा ढगाच्या चिन्हावर आणला तर चित्रात ऊब येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे मेनूतला कस्टम व्हाइट बॅलन्स. त्या बागेतच एखादे पांढरे उपरणे किंवा कोरा कागद कॅमेऱ्यासमोर धरून "हा पांढरा" असे त्याला एकदा दाखवून दिले की पुढचे सगळे फोटो माणसाच्या कातडीचा खरा रंग दाखवतात.

माणसांचे फोटो आणि दिवसाढवळ्या फ्लॅश

चेहऱ्याच्या चित्राचा पोर्ट्रेट मोड चेहरा शोधतो, त्वचेचा रंग मऊ ठेवतो आणि लेन्सचे छिद्र शक्य तितके मोठे उघडतो. मागचे सगळे विरघळून जावे, अशी मोठ्या कॅमेऱ्यासारखी अपेक्षा मात्र त्याच्याकडून करू नये. सामान्य कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखापेक्षाही लहान असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे तिसावा हिस्सा भरते. सेन्सर जितका लहान तितके पुढचे-मागचे सगळे एकदम स्पष्ट येते. मागची गर्दी पुसट करायचीच असेल तर दोन पावले मागे सरून झूम पूर्ण वाढवावा, माणसाला भिंतीपासून लांब उभे करावे आणि मगच हा मोड लावावा.

दुपारच्या उन्हात टोपी घातलेल्या शेतकऱ्याचा फोटो हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत जास्त बिघडणारा फोटो आहे. टोपी लख्ख पांढरी येते आणि तिच्या सावलीत डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. अशा वेळी उजेड भरपूर असूनही फ्लॅश सक्तीने चालू करावा. ऑटोच्या चिन्हाऐवजी नुसत्या विजेचे चिन्ह निवडले की फ्लॅश प्रत्येक वेळी उडतो. माणूस दीड ते दोन मीटरवर असेल तर हा छोटासा झोत सावली नेमकी भरून काढतो आणि डोळ्यांत चमक येते. तीन-चार मीटरच्या पुढे मात्र कॉम्पॅक्टचा फ्लॅश पोचत नाही, म्हणून मंडपातल्या शेवटच्या रांगेतून व्यासपीठावर फ्लॅश उडवण्यात काही अर्थ नसतो. त्यात पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी तेवढी उजळतात.

हलणाऱ्या गोष्टी

डायलवर एस किंवा टीव्ही असे लिहिलेल्या मोडमध्ये शटर किती वेळ उघडे राहावे हे तुम्ही ठरवता आणि छिद्र कॅमेरा जुळवतो. ज्यांच्या कॅमेऱ्यात हा मोड नाही त्यांनी धावणाऱ्या माणसाच्या चित्राचा स्पोर्ट्स मोड वापरावा. तो जलद शटर घेतो, त्यासाठी आयएसओ वाढवतो आणि बटण दाबून धरल्यास एकापाठोपाठ एक फोटो काढत जातो.

याचा खरा अभ्यास मी सारंगखेड्याच्या यात्रेत केला. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि विक्रीला आणलेले घोडे रेवाल नावाच्या वेगवान चालीत पळवून दाखवतात. ऑटोवर घेतलेल्या माझ्या पहिल्या फोटोंत घोड्याचे धड स्पष्ट आणि पाय मात्र फेस आल्यासारखे पुसट होते. एस मोडवर शटर १/५०० सेकंद ठेवल्याबरोबर खुरांखालून उडालेली मातीची ढेकळेसुद्धा हवेत थांबली. कॅमेऱ्याचा वेग कमी पडू नये म्हणून घोडा ज्या जागेवरून जाणार आहे त्या जागेवरच्या एखाद्या खुंटीवर बटण अर्धे दाबून फोकस आधीच बांधून ठेवावा आणि घोडा तिथे पोचण्याच्या किंचित आधी बटण पुरे दाबावे. याच्या उलट, १/३० ठेवून घोड्याबरोबर कॅमेरा सारख्या गतीने फिरवत नेला तर घोडा बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचे तंबू, माणसे आडव्या रेघांत ओढल्यासारखी येतात. यात दहापैकी एखादाच फोटो जमतो, पण त्या एका फोटोत वेग दिसतो.

जलद शटरला उजेड लागतो, आणि तो नसला की काय होते हे मांडे करणाऱ्या काकूंच्या चुलीपाशी कळले. पुरण भरलेला मांडा त्या दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत सरकवत वाढवतात आणि तो पार पातळ झाला की चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद पसरतात. स्वयंपाकघर अंधारे, उजेड फक्त चुलीचा आणि दाराचा. ऑटोने लगेच फ्लॅश उडवला, तशा काकू म्हणाल्या, "भाऊ, तो उजेड बंद कर, माले खापर दिखत नही." त्यांचे बरोबरच होते. फोटोतही चुलीचा तांबूस उजेड नाहीसा होऊन भिंत पांढरीफटक पडली होती. मग फ्लॅश बंद केला, एस मोडवर १/२५० लावले, तर फोटो काळाकुट्ट आला, कारण छिद्र पूर्ण उघडूनही उजेड पुरत नव्हता. शेवटी आयएसओ ८०० केला आणि शटर १/६० वर आणले. मांडा हातांवरून झुलताना एका टोकाला जाऊन परत फिरतो, त्या वळणावर तो निमिषभर जवळजवळ थांबतो. दोन-तीन मांडे नुसते पाहून तो ताल ओळखला आणि त्याच वळणावर बटण दाबले. काकूंचा चेहरा स्वच्छ आला, बोटे किंचित हललेली आली आणि मांड्यातून चुलीचा उजेड आरपार दिसला. कमी उजेडात शटरचा वेग वाढवण्यापेक्षा हालचालीचा थांबा शोधणे अधिक उपयोगी पडते, हे मी तेव्हापासून सगळीकडे वापरत आलो आहे.

पक्ष्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारे पक्षी टिपायला जाताना खिशातल्या साध्या, तीन-पाच पट झूमच्या कॅमेऱ्याकडून फार आशा धरू नये. लांब झूमचा कॉम्पॅक्ट असेल तर झूम वाढवल्यावर छिद्र लहान होते आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, म्हणून तिथेही एस मोडवर १/५०० च्या आसपास राहावे आणि डिजिटल झूम मेनूतून बंद करून टाकावा. डिजिटल झूम काही जवळ आणत नाही, आहे तेच चित्र कापून ताणतो.

रात्र, दिवे आणि आग

रात्रीच्या फोटोंसाठी तीन वेगवेगळे मोड असतात आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे बहुतेक फोटो वाया जातात. चंद्र किंवा चांदणीचे चित्र असलेला नाइट सीन मोड फ्लॅश बंद ठेवून शटर बराच वेळ उघडे ठेवतो, आणि त्यासाठी कॅमेरा स्थिर असावा लागतो. माणूस आणि चांदणी असे चित्र असलेला नाइट पोर्ट्रेट मोड आधी फ्लॅशने माणूस उजळतो आणि मग मागचे दिवे यावेत म्हणून शटर आणखी काही क्षण उघडे ठेवतो. आतषबाजीच्या चित्राचा मोड आयएसओ कमी ठेवून काही सेकंदांचा फोटो घेतो.

जळगावात कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या श्रीरामाच्या रथाचे उदाहरण घ्या. रात्री रथावरचे दिवे लागलेले असतात, वर झगमगाट आणि खाली गर्दीत अंधार असतो. घरच्या माणसाला रथासमोर उभे करून ऑटोवर फोटो घेतला तर माणूस पांढरा आणि मागे नुसता काळोख, रथ गायब. तिथे नाइट पोर्ट्रेट लावावा, कॅमेरा एखाद्या ओट्याच्या कठड्यावर टेकवावा आणि समोरच्याला स्पष्ट सांगावे की, "फ्लॅश उडाला तरी हलू नकोस, मी सांगेपर्यंत तसाच उभा राहा." फ्लॅश उडाला म्हणजे फोटो निघाला असे समजून माणसे लगेच चालू लागतात आणि त्यांचे भूत फोटोत उमटते. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावून रथाला वळण देणारी आणि थांबवणारी माणसे टिपायची असतील तर मात्र नाइट मोडचा उपयोग नाही, कारण ती सतत हलत असतात. तिथे पी मोड, फ्लॅश बंद, आयएसओ १६०० आणि उणे ०.७ असा जम बसवावा. उणे अशासाठी की आजूबाजूचा काळोख पाहून कॅमेरा उजेड वाढवायला जातो आणि दिव्यांचे नुसते पांढरे गोळे करतो. मोगरी चाकाखाली सरकते आणि रथ क्षणभर अडतो, तेव्हा बटण दाबावे. तोही एक थांबाच आहे. सुरक्षित अंतर सोडून चाकाजवळ जाऊ नये, झूम त्यासाठीच दिलेला आहे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावच्या होळीला रात्रभर ढोलाच्या तालावर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू आणि भोपळे हे सगळे आगीच्या उजेडात पाहण्यासारखे असते, आणि फ्लॅश उडवला की तो उजेड मरतो. इथे सनसेट मोडचा एक वेगळा उपयोग होतो. ऑटोचा रंगतोल आगीचा तांबूसपणा म्हणजे दोष समजून तो काढून टाकायला पाहतो, सनसेट मोड मात्र तांबडा-केशरी रंग राखतो आणि गडद करतो. नाचणारे ज्या बाजूला आगीसमोर येतात तिथे उभे राहावे, म्हणजे आगच त्यांचा दिवा होते. हा त्या लोकांचा नवसाचा आणि व्रताचा प्रसंग असतो, म्हणून कॅमेरा वर करण्याआधी समोरच्याला विचारावे आणि तो नको म्हणाला तर खाली घ्यावा.

दिवाळीच्या आतषबाजीला तिपाई लागते. तिपाई नसेल तर गच्चीच्या कठड्यावर तांदळाची किंवा ज्वारीची लहान पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवावा आणि २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा, म्हणजे बटण दाबताना लागणारा धक्का विरून जातो. आतषबाजीचा मोड नसल्यास आणि एम मोड असल्यास आयएसओ १००, शटर २ ते ४ सेकंद असे ठेवावे. एम मोडमध्ये छिद्र आणि शटर दोन्ही तुम्हीच ठरवता. माझ्या मते कॉम्पॅक्टवर त्याची गरज आतषबाजी, विजा आणि रात्रीचे आकाश एवढ्यापुरतीच पडते.

अजिंठा जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर असल्यामुळे आपल्याकडचा प्रत्येक कॅमेरा कधी ना कधी तिथे जातोच. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी, कारण शतकानुशतके टिकलेले ते रंग झगझगीत उजेडाने फिके पडण्याचा धोका असतो. काही कॅमेऱ्यांत संग्रहालयाच्या चित्राचा मोड असतो. तो फ्लॅश पूर्ण बंद करून आयएसओ वाढवतो. तो नसेल तर पी मोडमध्ये फ्लॅश बंद, आयएसओ ८०० ते १६००, कोपरे छातीशी घट्ट, श्वास रोखलेला आणि झूम अजिबात नाही, असे घ्यावे. झूम न केल्यास छिद्र सर्वांत मोठे मिळते. आयएसओ वाढवल्यामुळे फोटोत थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, दिसले तरी चालतील. १८४४ पासून वर्षानुवर्षे त्या लेण्यांत बसून चित्रे हाताने उतरवणारे आणि पुढे तिथे कॅमेराही वापरणारे रॉबर्ट गिल यांची कबर भुसावळला आहे. त्यांच्या काळच्या संथ काचप्लेटांवर त्या अंधारात चित्र उमटवणे किती चिकाटीचे काम असेल, हे आठवले की आयएसओ १६०० च्या दाण्यांची तक्रार करवत नाही.

जवळून पाहणे

फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो मोड हे कॉम्पॅक्टचे सर्वांत मोठे बळ आहे. लहान सेन्सरमुळे पुढचे-मागचे सगळे स्पष्ट येणे आधी अडचणीचे वाटले, तेच इथे कामी येते, आणि अनेक कॅमेरे झूम न करता वस्तूपासून अवघ्या १ ते ५ सेंटिमीटरवर फोकस करू शकतात. झूम वाढवला की हे अंतर एकदम वाढते, त्यामुळे मॅक्रोमध्ये झूमला हात लावू नये, स्वतःच पुढे सरकावे. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते, म्हणून उजेड बाजूने येईल असे उभे राहावे आणि फ्लॅश बंद ठेवावा. केळफुलाच्या उचललेल्या पाकळीखालची लहान फुले किंवा कापसाच्या बोंडातून सुटणारा पहिला तंतू हे विषय मला या मोडसाठीच घडवल्यासारखे वाटतात.

ए किंवा एव्ही मोडमध्ये छिद्र तुम्ही निवडता; एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. कॉम्पॅक्टवर त्याचा परिणाम मॅक्रोमध्येच नीट दिसतो: एफ २.८ वर पाकळीची कड स्पष्ट आणि मागचे पान पुसट, एफ ५.६ वर दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट. एफ ८ वर मात्र इतक्या लहान सेन्सरवर सगळेच चित्र किंचित मऊ पडते, म्हणून गरज नसता तिथवर जाऊ नये.

ज्यांना बाहेर पडणे जमत नाही त्यांनी टेबलावर उजेडाचा अभ्यास करावा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी दशकानुदशके जवळपास घराबाहेर न पडता टेबलावर मांडलेल्या लहान वस्तूंतून सबंध दृश्ये उभी केली. त्यांचे कलादालन पाहून आल्यावर घरातली पितळी समई, एक वांगे आणि खिडकीचा उजेड एवढ्या भांडवलावर किती करता येते ते कळते. कॅमेरा टेबलावर ठेवावा, मॅक्रो आणि पी मोड लावावा, २ सेकंदांचा टायमर लावावा, आणि एका बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करून खिडकीचा उजेड सावलीच्या बाजूवर परतवावा.

डोंगराच्या चित्राचा लँडस्केप मोड फोकस लांबवर बांधतो, फ्लॅश बंद करतो आणि हिरवा-निळा रंग वाढवतो. पावसाळ्यात तोरणमाळला तो छान दिसतो, पण वैशाखातल्या पिवळ्या सातपुड्याला तो उगाच हिरवी झाक देतो, तेव्हा तिथे साधा पी मोडच बरा.

ऊन, धूळ आणि डायल

बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. कॅमेरा बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. पांढऱ्या कापडी पिशवीत, अंगाजवळ, सावलीत ठेवावा आणि फोटो काढून झाल्यावर लगेच बंद करावा. जिनिंगमध्ये किंवा यात्रेच्या धुळीत लेन्स बाहेर असताना तिच्या नळ्यांच्या फटीत तंतू आणि माती शिरते, म्हणून लेन्स आत जाण्याआधी नळीवरून मऊ, कोरडा ब्रश फिरवावा. ओल्या फडक्याने पुसू नये.

कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी दहा सेकंद काढून चार गोष्टी पाहाव्यात: डायल पी किंवा ऑटोवर, अधिक-उणे शून्यावर, आयएसओ ऑटोवर, फ्लॅश आणि रंगतोलही ऑटोवर. कापसाच्या खोलीतले अधिक १.३ तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बांधलेल्या म्हशीचे फोटो पांढुरके येतात, आणि ते घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहीपर्यंत आपल्या लक्षातही येत नाही.